अबीरला कुठं निजवायचं

“पण आक्का, पैसे थोडेच महिने सांभाळायचेत. ते ठेवायचे कुठं?”

आक्का मठाच्या ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. लोक त्यांच्याकडे मनःशांतीसाठी येत. मी व्याजदर घेऊन गेले होते.

अबीर माझ्या खांद्यावर झोपला होता. दीड वर्षाचं मूल झोपलं की दुप्पट जड होतं.

“कसले पैसे?”

“घराचे. फ्लॅट ठरलाय. बिल्डर दिवाळीनंतर केव्हाही फोन करेल. फोन आला की आठवड्यात पैसे भरायचे. नाही भरले, तर घर दुसऱ्याला.”

“मग?”

“मुदत ठेवीत व्याज बरं मिळतं, पण मध्येच मोडली तर कापून घेतात. एक पतसंस्था त्याहून जास्त देते, पण वर्षभर हात लावायचा नाही. वेगळं बचत खातं काढलं तर कधीही काढता येतील, पण व्याज... सांगायची लाज वाटावी इतकं.”

“तू काय शिकलीस गं?”

“संख्याशास्त्र. सुवर्णपदक आहे.” आणि उगीचच म्हणाले, “माहेरी असतं ते. कपाटात.”

“मग वेळ लागायचाच.”

“सगळ्यांची तुलना केलीय आक्का. उन्हाळ्यापासून करतेय.”

“आणि उन्हाळ्यापासून पैसे कुठं आहेत?”

मी अबीरला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

“ह्यांच्या पगाराच्या खात्यात.”

“आहेत ना सगळे?”

“थोडे कमी झालेत. फ्रिज बिघडला होता.”

“म्हणजे तुझ्या तुलनेत फ्रिज पहिला आला.”

मी हसले नाही. अबीर रांगायला लागल्यापासून आम्ही दोन भाड्याची घरं बदलली होती. तिसऱ्याचा मालक आता जिन्यात भेटला की नजर चुकवायचा, म्हणजे हेही सोडावं लागणार. मला हे घर हवंच होतं.

“पोर खाली ठेव,” आक्का म्हणाल्या. “हात अवघडला असेल.”

मी ओसरीकडं पाहिलं. फरशी गार होती. सतरंजी पातळ.

“आत गादी आहे. कापसाची. पंखाही आहे.”

मी उठले. उंबऱ्यापर्यंत गेले.

“एवढंच, की आत देवाची चांदी आहे. मठाचा गडी, देवाप्पा, बाजाराला निघाला की त्या खोलीला कुलूप घालून किल्ली घेऊन जातो. आता निघेलच. दिवेलागणीला येईल परत.”

मी थांबले.

“आणि तोपर्यंत अबीर?”

“झोपेल की. मऊ गादी आहे.”

“आणि उठला तर?”

“कधी उठेल?”

“ते सांगता येतं का आक्का?”

आक्कांनी आणखी एक शेंग सोलली.

मी परत आले. सतरंजी पसरली, तिच्यावर माझी ओढणी चौपदरी करून घातली आणि अबीरला माझ्या गुडघ्यापाशी निजवलं. एक हात त्याच्या पोटावर ठेवला.

“जमीन कडक आहे,” आक्का म्हणाल्या.

“असू दे.”

“आतली गादी फार मऊ गं.”

“असू दे म्हटलं ना.”

माझा आवाज मठात शोभण्यासारखा नव्हता. आत देवाप्पानं कुलूप लावल्याचा आवाज आला, मग त्याची सायकल वाजत उतारानं गेली.

...

अबीर उठला. ना हालचाल, ना कुरकुर, एकदम डोळे उघडले आणि ओठ थरथरायला लागले. रडू बाहेर पडायच्या आत मी त्याला उचललं होतं.

“उद्या बँक उघडली की जाते,” मी म्हणाले. “वेगळं बचत खातं. मागितले की त्याच दिवशी हातात येतील, असं.”

आक्कांनी मान हलवली.

मी चपला घातल्या. पायऱ्या उतरले. शेवटच्या पायरीवर पाय अडलाच.

“पण आक्का... व्याज बुडेल हो.”

आक्कांनी ओसरीवरून खाली येऊन सोललेल्या पावट्याचा एक दाणा अबीरकडं धरला. त्यानं तो मुठीत घट्ट पकडला.

“त्याला विचार, गादी हुकली म्हणून वाईट वाटतंय का.”