येसबाची टिटवी आणि बुलबुलवाल्यांची रॅली

पंचगंगेकाठच्या एका गावात येसबा नावाचा एक भोळा मोटारवाला होता. भोळा किती? 'जरा थांब' म्हटलं, की तो थांबे, आणि 'आता चल' म्हणायला कुणालातरी परत यावं लागे. त्याच्याकडे बापाच्या वेळची तीन चाकांची इवलीशी मोटार होती, टिटवी कंपनीची. गावातल्या बाकीच्या हौशी लोकांकडेही तेवढ्याच जुन्या, तेवढ्याच इवल्या मोटारी होत्या, पण बुलबुल कंपनीच्या. त्यांचा एक क्लब होता आणि तो दरवर्षी मैदानावर जुन्या मोटारींची रॅली भरवी. रॅलीत एकदा तरी टिटवीची फेरी मारायची आणि ती आईला दाखवायची, एवढीच येसबाची हौस.

पहिल्या वर्षी तो टिटवी घेऊन बुलबुलवाल्यांच्या रॅलीला गेला. क्लबचे चिटणीस तात्या नेर्लेकर फाटकातच आडवे आले.

"ही रॅली फकस्त बुलबुलची. जे बुलबुलचं न्हाई, ते भाईर ठेवायचं."

"व्हय जी," म्हणून येसबा घरी गेला.

दुसऱ्या वर्षी क्लबात भांडणं झाली आणि रॅली सगळ्यांना खुली केली. येसबाने टिटवी फाटकाबाहेर ठेवली आणि एकटाच मैदानात जाऊन उभा राहिला. गाड्या त्याला वळसा घालून फिरू लागल्या.

"अरं, गाडी कुठाय तुझी?" तात्या ओरडले.

"भाईर. ती बुलबुल न्हाई."

"येड्या, आज खुली रॅली! जुनं, लहान, चाकाचं काय बी आत आणायचं!"

"आसं व्हय?"

तिसऱ्या वर्षी पुन्हा भांडणं, पुन्हा फक्त बुलबुल. येसबा पांगुळगाडा ढकलत आला.

"हे काय?"

"जुना हाय. लहान हाय. चाकं बी तीनच."

सगळं मैदान पोट धरून हसलं. तात्यांना मात्र त्याची दया आली.

"पुढल्या साली तू फाटकावर उभा ऱ्हा. जे बुलबुलचं न्हाई, ते भाईर काढायचं. नीट केलंस, तर शेवटची फेरी तुझ्या टिटवीची."

चौथ्या वर्षी आई नवं लुगडं नेसून कुंपणाशी बसली. येसबा हातात पाना घेऊन फाटकावर उभा. पहिली गाडी आली.

"टायर बुलबुलचं?"

"बुलबुलचं टायर आता कुठं मिळतंय रं?"

येसबाने टायर काढले. इंजिन स्कूटरचं निघालं, तेही काढलं. सीट सिनेमा थेटरातली होती, तीही बाहेर. मालक लोकही असे, की दुसऱ्याची गाडी उघडताना कौतुकाने बघत आणि आपली उघडली की बोंब मारत. दुपारपर्यंत आत गेले ते सात भोंगे आणि तात्यांच्या गाडीवरची 'बुलबुल' नावाची पट्टी.

तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले. हिरवी झेंडी त्यांच्या हातात, आणि मैदान रिकामं. तात्या फाटकाकडे धावले.

"येसबा, तुझी टिटवी आण आत!"

"ती बुलबुल न्हाई जी."

"अरं बाबा, आजच्या दिवस ती बी बुलबुलच समज! पळ!"

येसबाला आनंदाने रडू फुटलं. टिटवी बुलबुल झाली! म्हणजे नियमही तिला लागू झाला. त्याने पाना उचलला. टायर बुलबुलचे नव्हते, काढले. इंजिनही बुलबुलचं नव्हतं, काढलं. दारं, पत्रा, बॉडी, काहीच बुलबुलचं निघेना. सगळं सुटं करून त्याने फाटकाबाहेर ओळीने मांडून ठेवलं.

मग तो आत आला. स्टिअरिंग धरल्यासारखे दोन्ही हात पुढे धरले आणि तोंडाने फट् फट् फट् करत अख्ख्या मैदानाला फेरी मारली. पाहुण्यांनी गोंधळून झेंडी हलवली. येसबा धापा टाकत कुंपणाशी थांबला.

"आये, बघितलीस न्हवं आपली गाडी? एक बी नट परका न्हाई!"