पवळीच्या शेपटीजवळचे खड्डे

सगुणाला परकर एकच होता आणि त्या परकराला ठिगळं मात्र पाच. एक निळं, एक लाल, दोन पिवळी, आणि एक असं की त्याचा रंग कुणालाच सांगता येत नसे. ती आणि तिची आई तात्याबांच्या गोठ्यात शेणगोठा करायच्या. बदल्यात दोन भाकरी मिळायच्या, लोटाभर ताक मिळायचं आणि बोलणी हवी तेवढी. आई ऐकून घ्यायची. "मान खाली घालावी, सगू," ती म्हणायची, "म्हणजे डोक्यावर छप्पर राहतं." सगूची मान मात्र काही केल्या खाली राहायची नाही.

गोठ्यात पवळी नावाची गाय होती. पोवळ्यासारखी तांबूस, कपाळावर चिमुकला पांढरा टिळा, आणि पोटात वासरू. तात्याबांच्या लेकीचं, येसूताईचं, लग्न झालं होतं आणि आज ती सासरी निघणार होती. त्या गावची रीत अशी, की लेकीच्या बैलगाडीमागे आंदणाची गाय चालत जायची. आंदणाला पवळीच ठरली होती. वाट लांबची, मधे नदी, आणि नदीपुढे दगडांची खडी चढण.

सकाळी सगू गवत आणायला टेकडीवर गेली. कुरडूचे गुलाबी तुरे दवाने लुकलुकत होते. दोन तुऱ्यांमधल्या चंदेरी जाळ्यात काहीतरी फडफडत होतं. वाकून पाहते तो काय, करंगळीएवढी परी. मोरपिशी झगुला, चतुरासारखे झिरझिरीत पंख, आणि एक पंख जाळ्याला चिकटलेला. सगूने काडीने एकेक धागा हळूच सोडवला. जाळं तोडलं नाही. कोळ्यानेही ते कष्टानेच विणलं होतं ना.

"हात छान आहेत तुझे," परी म्हणाली. आवाज घुंगरासारखा किणकिणला. "एक इच्छा माग. पण नियम ऐक. जे तुझ्या डोळ्यांना, हातांना नाहीतर तोंडाला जमण्यासारखं आहे, ते माझ्याकडे मागायचं नाही."

"आमची पवळी कधी विणार ते सांग," सगू लगेच म्हणाली. "तात्याबा म्हणतात, अजून वीस दिवस आहेत. मला ती आज वेगळीच वाटते."

"नियम. डोळे आहेत ना तुला?"

"मग तुझा उपयोग काय?" असं म्हणून सगू भारा उचलून तरातरा निघाली. परी खुदकन हसली आणि भाऱ्यावर जाऊन बसली.

गोठ्यात सगूने नीट पाहिलं. बाळा, तूही तिच्याबरोबर पाहा हं. पवळी दावं पुरेल तितकी लांब, एकटी उभी होती. हिरव्यागार गवताला तिने तोंडही लावलं नाही. बसली, उठली, पुन्हा बसली. मान वळवून आपल्याच पोटाकडे बघत होती, जणू आतून कुणी हाक मारतंय. परवा मऊ असलेली कास आज घागरीसारखी टम्म आणि चकचकीत झाली होती, चारी सड भरून आले होते. सगूने शेपटीच्या मुळाशी हात ठेवला. रोज तिथे दोरासारखं ताठ लागायचं. आज दोन्ही बाजूंना खड्डे पडले होते, आणि भिजवलेल्या कणकेत जावीत तशी बोटं आत जात होती. शेपटीखालून काचेसारखी स्वच्छ, चिकट तार लोंबत होती.

"आजच विणार ही," सगू म्हणाली. "परी, जा, तात्याबांना सांग."

"तोंड आहे ना तुला?" परी म्हणाली.

अंगणात गाडी जुंपली होती. सगू थेट तात्याबांसमोर जाऊन उभी राहिली.

"तात्याबा, पवळीला नेऊ नका. ती आज विणार आहे."

तात्याबा हसले. "काय गं शेणगोळे, ज्योतिष कधी शिकलीस? गोठ्याच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा आहेत माझ्या. अजून वीस बाकी आहेत."

"गाय दोनदा वळूला दाखवली होती. तुम्ही रेघा दुसऱ्या वेळेपासून मारल्या. ती पहिल्याच वेळी गाभण राहिली असेल तर?"

"म्हणजे माझी रेघ खोटी आणि तू खरी?"

"रेघ तिच्या पोटात नाही, तात्याबा. वासरू आहे."

आईने सगूचा दंड धरला. "चल गं. आपल्याला काय करायचंय."

"गाय सोडा," तात्याबा म्हणाले, "आणि उद्यापासून या दोघींनी गोठ्यात पाऊल ठेवायचं नाही."

सगूने दंड सोडवला. ती फाटकात गेली आणि सोडून आणलेल्या पवळीच्या वाटेत, धुळीत, मांडी घालून बसली. "मी उठणार नाही. नदीच्या मधोमध वासरू आलं तर कोण धरेल त्याला? तुमच्या रेघा?"

तेवढ्यात येसूताई गाडीतून उतरली. तिने जरीचा शालू वर खोचला आणि पवळीच्या मागे गेली. "सगू, कुठे हात ठेवायचा?"

सगूने दाखवलं. येसूताईचा हिरव्या चुड्याचा हात तिथे गेला आणि तिथेच थांबला. "तात्या, बोटं आत जातात."

"गाईवाचून लेक पाठवली तर सासरचे काय म्हणतील?"

"मेलेली गाय नेली तर काय म्हणतील?"

पवळी तिथेच, फाटकाशी बसली. थोड्या वेळाने पाण्याची पिशवी दिसली, मग दोन इवलीशी खुरं, आणि खुरांवर ठेवलेलं ओलं नाकुलं. पवळीने कळ दिली आणि तांबूस कालवड सगूने पसरलेल्या गवतावर घरंगळली. सगूने तिचं नाक पुसलं. पवळीने बाकीचं सगळं चाटून चाटून लख्ख केलं.

तात्याबा ओला बोळा घेऊन गोठ्यात गेले आणि भिंतीवरच्या रेघा स्वतः पुसून आले.

"आंदण माझं आहे, म्हणून मीच सांगते," येसूताई म्हणाली. "ही कालवड सगूची."

परी कालवडीच्या कानावर येऊन बसली. सगूवाचून कुणाला ती दिसत नव्हती. "तुझी इच्छा राहिली की."

सगूने मागे पाहिलं. आई खांबाआड उभी होती, पदराचा बोळा तोंडावर धरून.

"माझ्या आईला सारखी भीती वाटते," सगू हळूच म्हणाली. "मी विहिरीवर गेले तरी, खोकले तरी, कुणी मोठ्याने बोललं तरी. ते माझ्या हातांना जमत नाही. तिची भीती घे."

परी विचारात पडली. "सगळी घेतली, तर तू विहिरीत वाकलीस तरी ती हाक मारणार नाही. तेवढी राहू दे. माणसांची नेते." तिने पंख झटकले. गुलाबी, निळा, सोनसळी उजेड अंगणभर सांडला, आणि कालवडीच्या कानावर राहिला फक्त दवाचा एक थेंब.

"तर मग," तात्याबा घसा खाकरून म्हणाले, "गाय परवा हळूहळू चालवत नेऊ."

आई खांबाआडून बाहेर आली. मान ताठ. "परवा नाही, तात्याबा. वासरू धड उड्या मारेपर्यंत ती हलायची नाही. आणि आम्ही दोघी उद्या नेहमीच्या वेळेला येऊ."

तात्याबांनी मान खाली घातली. आईने सगूकडे वळून पाहिलं.

"कालवडीला चीक पाज आधी," ती म्हणाली. "आणि विहिरीच्या कडेने जाऊ नकोस गं."