दरबारातला थरथरता पाट

राजा रणधवलाच्या नाकावर चामखीळ उठली होती. खऱ्या नाकावर नव्हे हो, राळेच्या. कोंढवळच्या वेशीवर टांगायला त्याने आपलाच मुखवटा राळेत ओतून घेतला होता. ऊन आरपार गेलं की राजाचं तोंड मधासारखं चमकावं, ही हौस! पण ओतताना साच्यातल्या नेमक्या नाकाच्या खड्ड्यात हवा अडकली आणि नाकाच्या शेंड्याला हरभऱ्याएवढा बुडबुडा चिकटून बसला.

भिवबा ओताऱ्याला तिथल्या तिथे कोठडीत टाकलं.

"उद्या याच्या घरातल्या कोणीतरी भर दरबारात पुन्हा ओतावं," राजा गरजला. "पुन्हा बुडबुडा राहिला तर याचा अंगठा तोडीन. आणि साच्याला टिचकी मारायची नाही, कोणी हलवायचंही नाही. माझ्या तोंडाला धक्के दिलेले मला खपायचे नाहीत."

भिवबाच्या घरातलं कोणी म्हणजे त्याची लेक राही. आई गेलेली, भाऊ नाही. अंगठा गेला तर ओतारी कसला आणि चूल कसली!

राही कपाळाला हात लावून बसली होती, तेवढ्यात भिंतीपलीकडे गंगूकाकीचं जातं सुरू झालं. त्या जात्याला कैक दिवसांत टाकी लावलेली नव्हती. एका अंगाने झिजलेलं, त्यामुळे काकी दळायला बसली की राहीच्या फडताळातली भांडी नाचत. एरवी राही भांडायलाच गेली असती. आज ती भांड्यातल्या पाण्याकडे बघत राहिली. पाण्यावर बारीक बारीक थरथर उठत होती.

ती तशीच पलीकडे धावली. जात्याच्या वरच्या तळीला एका बाजूला दगड बांधला, शेजारी चार चुंबळींवर पाट मांडला, पाटाची कड जात्याला भिडवली आणि पाटावर पणतीत गरम राळ ओतली.

"काकी, फिरवा."

"अगं, अशाने माझं पीठ भरडं होईल. मग ते तुझा बाप खाणार का?"

"सुटून आला तर खाईल."

काकीने पदर खोचला. जातं गचके खाऊ लागलं, पाट थरथरला आणि राळेतले बुडबुडे एकामागून एक वर येऊन फुटले. भाताला उकळी फुटावी तसे!

सकाळी जातं, पाट, चुंबळी सगळं दरबारात पोचलं. पण दिवाणजींचं नाक लांब. त्यांनी लगेच वास काढला.

"सरकार, जातं फिरलं की पाट हलणार, पाट हलला की साचा हलणार. अट मोडतेय पोरगी."

"जातं बाहेर काढा!" राजा म्हणाला.

समोर दिवाण, खजिनदार, फडणीस आणि सेनापती उपरण्याआड हसत होते. राजा बोलला की माना डोलवायच्या आणि राजाची पाठ वळली की त्याच्या गाण्याची नक्कल करायची, एवढंच काय ते त्यांचं कामकाज, असं अख्खं गाव कुजबुजायचं. राहीने त्या चौघांकडे नीट पाहिलं.

"बरं सरकार. मग पाट स्थिर धरायला चार भारदस्त माणसं द्या. हेच चौघे चालतील."

"धरा रे," राजा म्हणाला. "आणि जो पाट हलवील त्याची जहागीर खालसा."

चौघांनी चार कोपरे उचलून धरले. राहीने पाटावरच्या साच्यात राळ ओतली. आत बुडबुडे गच्च बसलेले दिसत होते. मग पदराला हात पुसून ती हळूच म्हणाली,

"सरकार, एक सांगायचं राहिलं. तुम्ही पहाटे गाता ना, त्याची या चौघांत एक जण पाठीमागे नक्कल करतो. कुत्र्याचं विव्हळणंसुद्धा घालतो मध्ये. राळ थिजली की नाव सांगते."

राजाचे डोळे लाल झाले. तो सिंहासनावरून उतरला आणि एकेकाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघू लागला. दिवाणजींची दाढी हलायला लागली. खजिनदाराच्या गुडघ्यांनी ताल धरला. फडणिसाचे दात वाजू लागले. सेनापती लढाईत असे थरथरत असतील, तर शत्रू हसूनच मेले असतील! पाट चारी कोपऱ्यांनी झणझणत होता आणि बुडबुडे फटाफट वर येत होते.

राळ थिजली. साचा फोडला. नाक स्वच्छ, गाल स्वच्छ, मिशीचा केसन् केस स्वच्छ.

"सरकार, अट मोडली!" दिवाणजी ओरडले. "पाट हलत होता!"

"असेल," राही म्हणाली. "कोणी हलवला ते दिवाणजींनी सांगावं. त्याची जहागीर खालसा व्हायचीय."

दिवाणजींनी घाईघाईने हात जोडले. "नाही... म्हणजे... पाट अगदी डोंगरासारखा स्थिर होता, सरकार."

बाकीच्या तिघांनी जोरजोरात माना डोलावल्या.

"ते राहू दे," राजा म्हणाला. "नाव सांग, पोरी. माझी नक्कल करणारा तो एक जण कोण?"

"खरं सांगू सरकार? पाट धरायच्या आधी मला एकाचंही नाव नक्की ठाऊक नव्हतं. आता चारही ठाऊक झाली."

राजा असा खो खो हसला की हातातला राळेचा मुखवटा पडता पडता वाचला.

"भिवबाला सोडा," तो डोळे पुसत म्हणाला, "दोन बैलजोड्या द्या, वर ओतशाळेला जागा द्या. आणि पोरी, पुढे कधी राळ ओतायची झाली तर जात्याच्या भानगडीत पडू नकोस. या चौघांना बोलावून घे. मी येऊन गाईन!"