चेपाचा पूल

वाघजाईची खिंड उतरलात की ओढ्यावर हा काळा पूल लागतो. याला चेपाचा पूल म्हणतात. सांध्यांत बोट घालून बघा, चुन्याचा कण सापडायचा नाही. नुसते दगड एकमेकांना खेटून उभे आहेत. हा कुणा राजानं बांधला असं कुणी सांगितलं तर खुशाल हसा. हा चिमणाईचा.

चिमणाई म्हणजे सुभान पाथरवटाची बायको. त्या काळी ओढ्यावर एकच लांबलचक शिळा आडवी टाकायची रीत होती, असं सांगतात. सुभाननं टाकलेली शिळा मोडली. त्यानं दुप्पट जाड घातली, तीही मधोमध मोडली आणि भर पुरात एक बैलजोडी गेली. पंच म्हणाले, आता मोडली तर पाथरवटाचं घर गावातून उठेल. सुभाननं हाय खाल्ली. त्याहून जाड शिळेसाठी तो डोंगर पालथा घालू लागला.

चिमणाई मात्र मोडक्या तुकड्यांपाशी बसून राही. तडा वरून नव्हे, खालून सुरू झाला होता. अर्धी ओली गोवरी दोन टोकांना धरून उचलली की पोटाकडून फाटते, हे तिला रोजचंच होतं. तीच गोवरी दोन्ही बाजूंनी तळव्यांत दाबली तर उलट घट्ट होते. शिळाही वाकते, तिचं पोट ताणलं जातं आणि तिथंच ती हरते, हे तिच्या ध्यानात आलं. ती नवऱ्याला म्हणाली, "अवो, दगडाला ओढ सोसत न्हाई, चेप सोसतो. मग त्याला ताणायचं कशाला? चेपूनच ठिवू."

ओढा आटल्यावर दोघांनी पात्रात मातीचा ढीग रचला. त्यावर पाचरीसारखे घडवलेले दगड दोन्ही काठांच्या खडकाला टेकवून कमानीत बसवले. खालची माती काढायची वेळ आली, तेव्हा गाव मागं सरलं. चिमणाईनं वाघजाईपुढं पदर पसरला. पूल राहिला तर गावात राहीन, पडला तर त्याच्याखालीच जाईन, असं बोलून ती कुदळ घेऊन आत शिरली.

शेवटची माती निघाली, तशी कमान करकरली. सांध्यांतून धूळ झडली. सुभाननं डोळे मिटून घेतले म्हणे. मग खालून आवाज आला, "बसला माझा पूल. आता या समदी वर. रिकामं कुनी येऊ नगा, वज्जं घिऊन या."

सुभान पहिला चढला, डोक्यावर मोडक्या शिळेचा तुकडा घेऊन. मागून धान्याची पोती आली, भरल्या घागरी आल्या. घर उठवायला निघालेले पंचही पाटे-वरवंटे उचलून आले. वजन वाढेल तसे दगड एकमेकांना आणखी घट्ट धरत गेले. चिमणाई खाली बसून हसत होती. मग वाजतगाजत, खांद्यावर बसवून, गावानं तिला पुलावरून मिरवलं.

आजही या पुलावरून कुणी रिकाम्या हातानं जात नाही. नवी नवरी ओटीत दगड घेते, तान्ह्या पोराच्या मुठीत खडा देतात. तुम्हीही घ्या एखादा. आणि लहान नको, चांगला वजनाचा बघा.