गुलाबनं दिलेला खांदा

“मग सही करणार की नाही, काका?”

निशिकांतनं तिसऱ्यांदा विचारलं. पक्षाचा शहराध्यक्ष होऊन त्याला एकवीस दिवस झाले होते. समितीची बैठक सहाला होती आणि साडेपाच वाजून गेले होते. आज ठराव झाला नाही तर पद गेलंच समज, असं जिल्हाध्यक्षांनी बजावलं होतं.

खेरकाका सतरंजीची सुरकुती हातानं सारखी करत होते. तीस वर्षं त्यांनीच ही समिती चालवली. निशिकांतला पक्षात त्यांनीच आणलं, चारचौघांत उभं राहून बोलायला त्यांनीच शिकवलं. त्यांची सही नसेल तर जुने सभासद हात वर करणार नव्हते.

“वाच.”

“वाचलाय ना तुम्ही.”

“मोठ्यानं वाच.”

निशिकांतनं घसा खाकरला. “आपल्या रूढी, कुटुंब आणि शेजारधर्म जपणे हे या समितीचे पहिले कर्तव्य आहे. सबब...” तो जरा अडखळला. “सबब, विरोधी नगरसेवक रंगराव मोहिते यांच्या आईच्या अंत्ययात्रेत खांदा दिल्याबद्दल गुलाब पेठकर यांना सहा वर्षांसाठी पक्षातून काढून टाकण्यात येत आहे.”

“गुलाबचं घर कुठं रे?”

“मोहित्यांच्या भिंतीला भिंत. पण म्हणून काय झालं? फोटो गावभर फिरतोय, काका! गळ्यात आपलं उपरणं आणि खांद्यावर त्यांची तिरडी! निवडणूक तोंडावर आलीय. लोक हसतायत आपल्याला.”

“उपरणं नसतं तर?”

“तरीसुद्धा. मूल्यं म्हणजे मूल्यं.”

“शाबास.”

निशिकांतला हुरूप आला. त्यानं पेन पुढं केलं. काकांनी ते घेतलं नाही. चष्मा काढून खिडकीत ठेवला, आणि सतरंजीवर मधोमध आडवे झाले. पाय जुळवले. डोळे मिटले.

“काका! बरं वाटत नाहीये का?”

“ठणठणीत आहे. उचल.”

“अहो, मंडळी येतील आता...”

“उचल म्हणतो ना.”

खाली जिन्यावर पावलं वाजली. निशिकांतला काही सुचेना. काकांच्या काखेत हात घालून त्यानं जोर लावला. डोकं वर आलं, कंबर हलेना. पाय धरून ओढले, तर सतरंजीच गोळा झाली. त्याचा इस्त्रीचा कुडता खांद्यापाशी टर्रकन उसवला. खिशातला फोन थरथरत राहिला.

“एकट्याला... नाही जमत,” तो धापा टाकत म्हणाला.

“चौघं लागतात.”

“मग येऊ देत ना चौघं!”

काकांनी डोळे उघडले नाहीत.

“येतील... मी गेलो की आधी शेजारीच येतील. त्यांचा पक्ष विचारायला दारात तू उभा राहा.”