शेपटीचा दाखला

काठ गं भेकांचा, मधला डोह डरावांचा,
झुलत्या फांदीवर फेस झाडबेडकांचा;
पोटी ज्याच्या घाई, त्याला आधी द्यावी वाट,
सड्याच्या तळ्याला चहू अंगांनी गं घाट...

हा आवाज ढोमाआजाचा, तळ्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बेडकाचा. दर पावसाळ्यात तळं भरलं की आजा दगडावर बसून हे गायचा आणि मग ज्याची त्याची अंडी ज्याच्या त्याच्या जागी पडायची. तो आवाज ऐकलेले आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत, आणि बेडकाच्या पुढच्या पायाला बोटं चारच.

आजाला एके सकाळी बगळ्याने नेलं आणि तळ्यात निवडणूक आली.

सड्यावर, म्हणजे या कातळाच्या पठारावर, मत म्हणजे आवाज. चामखिळीच्या अंगाचे भेक काठाला बसून घशातल्या घशात गुरगुरतात. झाडबेडूक लाकडावर नख वाजवल्यासारखे टकटकतात. डराव बेडूक मात्र पावसाळ्यात हळदीसारखा पिवळा होतो आणि गालांचे निळे फुगे फुगवून ओरडतो. त्यामुळे गर्जेराव डराव प्रचंड बहुमताने निवडून आले. मतमोजणी झाली, पण त्यांच्या आवाजात बाकीचं कुणाला ऐकू आलं नाही.

"बंधूंनो आणि भगिनींनो," गर्जेराव म्हणाले, "पाणी कुणाचं?"

"आपलं!"

"गाळ कुणामुळे?"

"त्यांच्यामुळे!"

'ते' कोण, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी आपापल्या शेजाऱ्याकडे पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी फर्मान निघालं. या तळ्यात अंडी घालायची तर जन्म याच तळ्यातला हवा. इथे जन्मला तो शेपटीनिशी जन्मला, तेव्हा प्रत्येकाने आपली लहानपणची शेपटी हजर करावी; नसेल त्याने त्याच दिवशी सूर्यास्ताआधी तळं सोडावं. ज्याने शेपटीसुद्धा जपून ठेवली नाही, त्याचं या पाण्यावर प्रेम ते काय?

स्वतः गर्जेरावांनी शेपटी दाखवली. लांब, चकचकीत, निळसर. टाळ्या पडल्या. ती कालच सापसुरळीने करवंदीखाली टाकली होती, हे करवंदीला माहीत होतं.

फांदीवरच्या झाडबेडकांना वेगळी नोटीस गेली. त्यांचं फेसाचं घरटं पाण्याला टेकत नव्हतं, पण पाण्यावर लोंबत होतं. म्हणून ते हवेतलं अतिक्रमण ठरलं.

दाखल्याच्या दगडावर किरकिरेपंत बसले. पंत म्हणजे नखाएवढा बेडूक, पण कामाला चोख. पहिली आली गोदाक्का, काठावरची जुनी भेकीण. पोट अंड्यांनी तट्ट फुगलेलं.

"अक्का, शेपटी?"

"गळाली की रे, पाय फुटले तेव्हा. तुझी कुठाय?"

"मी सरकारी आहे. मला विचारायचं नसतं."

"बाबा, आजपासून तीन दिवस पोटात राहतील ही. चौथ्या दिवशी आतच नासतील. काठाला जरा टेकू दे."

"महाराजांना भेटा."

गर्जेराव डोहात पसरले होते. म्हणाले, "अक्का, तुम्ही आम्हाला आईसारख्या. पण कायदा तो कायदा. शेजारी म्हशीच्या खुरांचे खड्डे आहेत, तिथे बघा ना."

गोदाक्काने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. तिच्या ओठांवर एक गोष्ट आली होती. समोरून माशी गेली, त्या माशीबरोबर तिने ती गोष्टही गिळून टाकली.

मग शेपट्यांचा सुकाळ झाला. सापसुरळ्या रोज रांगेत येऊन शेपट्या टाकू लागल्या. ज्यांचे लागेबांधे होते त्यांनी चिखलाने त्या चिकटवून घेतल्या. शेपटीवाल्यांना उडी मारता येईना, पण उडी मारण्याची गरज त्यांना उरली नव्हती. ते पहाऱ्यावर लागले.

उघडीप लांबली. पाणी मागे सरलं. पहारेकऱ्यांनी ओरडून सांगितलं, "पाणी आटत नाही, काठ पुढे येतोय! हा काठाचा विकास आहे!" एकट्या डरावांची पिल्लं डोहात दाटीवाटीने उपाशी वळवळत होती आणि एकमेकांचे चावे घेत होती. त्यांना एरवी काय खायला लागतं, हे दरबारात कुणी मोठ्याने बोलेना. पत्रकात 'कुटुंबातली निकोप स्पर्धा' एवढंच आलं.

तिसऱ्या दिवशी गर्जेरावांची सभा भरली. गोदाक्का पहाऱ्याच्या रांगेमागे धापा टाकत बसली होती.

"कोण म्हणतो माझ्याकडे पुरावा नाही?" गर्जेराव गरजले. खरं तर कुणीच म्हणत नव्हतं. तेवढ्यात डोंगळ्यांची रांग आली, महाराजांची वाळलेली शेपटी तिने उचलली आणि शिस्तीत सभेतून घेऊन गेली. महाराजांच्या पाठीमागे काही उरलं नाही.

"पंत!" महाराज कुजबुजले.

"फर्मानाप्रमाणे सूर्यास्ताआधी आपल्याला तळं सोडावं लागेल, महाराज."

"अरे, कलम काढ काहीतरी!"

पंतांनी डोळे मिटले. "एक पोटकलम आहे. लहानपणी इथे पाहिल्याची कुणा जुन्या रहिवाशाने साक्ष दिली तर चालेल."

"हे मला नाही सांगितलंस ते?" गोदाक्का ओरडली.

"आत्ताच झालं, अक्का."

पंतांनी साक्षीदार पुकारला. महाराजांच्या बरोबरीचे डराव पुढे येईनात, कारण त्यांना महाराजांनीच निवडून येताच सड्याबाहेर घालवलं होतं. आताचे समर्थक सगळे महाराजांनंतर जन्मलेले. सूर्य करवंदीच्या जाळीला टेकला.

"मी देते साक्ष," गोदाक्का म्हणाली आणि सरळ पाण्याकडे निघाली. पहारेकरी अडवायला धावले, पण शेपट्या चिखलात रुतून बसल्या. कुणालाही उडी मारता आली नाही. ती काठच्या उथळ पाण्यात उतरली, गवताच्या काडीला टेकली. तिच्यामागून अंड्यांची लांब सर सुटू लागली, काळ्या मण्यांची.

"लिहा पंत. महाराज इथलेच. तीन पावसाळ्यांमागं मी याच काठाला अशीच सर सोडली होती. पोरं निघाली, आणि खालून डोहातून हे आले, एवढेसे, शेपटी हलवत. माझी एकशे दहा पोरं खाल्ली यांनी, तेव्हा कुठं यांना पाय फुटले. आजवर बोलले नाही. म्हटलं, लेकरू आहे, भूक लागली असेल. पण पुरावा मागताय तर पक्का घ्या. यांच्या अंगात जे काही इथलं आहे ना, ते सगळं माझ्या घरचं आहे."