मागून मिळालेले शील

पूर्वी, कृतयुग मावळून त्रेतायुगाचा अरुणोदय होत असता, म्हणजे सत्य बोलण्यापूर्वी माणसाला नुकताच थोडा विचार करावा लागू लागला होता त्या संधिकाळी, शुभ्रतोया नावाच्या महानदीच्या दक्षिण तीरावर मणिकूट नावाचे एक वैभवशाली नगर होते. त्याची गोपुरे स्फटिकाची, प्रासादांचे कळस सोन्याचे, आणि उपवने अशी, की वसंत ऋतू तेथे येऊन परत जायचे विसरत असे. या नगराचा अधिपती राजा भद्रायुध. रूपाने मदनासारखा, ऐश्वर्याने कुबेरासारखा, आणि अंतःकरणाने, स्पष्टच सांगायचे तर, कुणासारखाच नव्हे. दिलेला शब्द तो सोयीने विसरे. राग आला की वेत फुटेपर्यंत सेवकाला झोडपी, आणि राग ओसरला की त्याच सेवकाकडून पाय चेपून घेई. असे असूनही राजसभेतील भाट त्याला रोज प्रातःकाळी 'शीलसागर' म्हणून आळवीत, आणि हा महापुरुष डोळे अर्धवट मिटून ती स्तुती एखाद्या पक्वान्नासारखी चाखीत बसे.

एकदा कृशव्रत नावाचे महर्षी तीर्थयात्रेच्या मार्गावर मणिकूटात आले. जटाभार गुडघ्यापर्यंत लोंबणारा, अंगावर वल्कल, आणि दृष्टी अशी, की तिच्यासमोर मुकुटसुद्धा ओशाळावा. राजा सुवर्णकलश घेऊन त्यांचे पाय धुण्यास पुढे सरसावला, तोच मुनींनी पाय मागे घेतले.

"थांब, राजा. तुझ्या हातचे पाणी मला नको."

भद्रायुधाचा चेहरा तापलेल्या तांब्यासारखा लाल झाला. "महर्षे, या पृथ्वीवर मजजवळ नाही असे काय आहे, की आपण माझा असा उपमर्द करावा?"

"शील," मुनी म्हणाले.

"एवढेच ना? ते कोठे मिळते ते सांगा. समुद्राच्या तळाशी असेल तर समुद्र उपसतो, इंद्राच्या भांडारात असेल तर स्वर्गावर स्वारी करतो."

यावर मुनींनी त्याच्याकडे, उंबरठ्यावर वळवळणाऱ्या गांडुळाकडे पाहावे तसे पाहिले, आणि कमंडलू उचलून ते निघून गेले.

आता राजाला शील हवेच होते. त्याची गरज वाटली म्हणून नव्हे, तर ते आपल्यापाशी नाही असे चारचौघांत कुणी म्हटले म्हणून. तो हिमालयाच्या उत्तुंग शिखरावर गेला आणि घोर तपाला बसला. बारा वर्षे त्याने अन्न वर्ज्य केले, वायू भक्षण केला, एका पायावर उभा राहिला. तपश्चर्येचे एक वैगुण्य असे आहे की ती कुणीही करू शकतो. देहाला छळण्यासाठी हट्ट पुरतो, आणि हट्टाची तर भद्रायुधापाशी वाण नव्हती. अखेर त्याच्या मस्तकातून निघालेल्या धुराने देवांचे डोळे चुरचुरू लागले, तेव्हा नाइलाजाने विधाता हंसावर आरूढ होऊन त्याच्यासमोर प्रकट झाला.

"वर माग."

"मला निष्कलंक शील दे."

विधात्याच्या चारही मुखांवर एकाच वेळी तिरस्कार उमटला. "वत्सा, दीर्घायुष्य माग, दिग्विजय माग, हवे तर दुसरा एखादा चंद्र माग. शील देण्याची वस्तू नव्हे. मी डोळे घडवतो; कुणाकडे पाहायचे आणि कुणापासून नजर फिरवायची नाही, हे मी घडवत नाही."

"मग मी तप सोडणार नाही. त्रैलोक्य जळाले तर जळो!"

शील मागता मागता त्रैलोक्य जाळायला निघालेला तो तपस्वी पाहून विधात्याला हसू आवरेना. "घे तर मग," तो म्हणाला. "मला जेवढे देता येते तेवढे देतो. आजपासून तुझ्या जिभेला असत्य उच्चारता येणार नाही. तुझा हात कुणावर उगारला जाणार नाही. परक्याची वस्तू तुला उचलता येणार नाही. तथास्तु!" आणि हंसाने पंख झाडले.

राजा विजयोन्मादात नगरात परतला. वर खराच होता. असत्य बोलू जाता त्याची जीभ लाकडासारखी ताठ होई. सेवकावर वेत उचलताच बाहू लुळा पडून खाली येई. प्रजेला हायसे वाटले. भाटांनी नवी कवने रचली, आणि राजाने गोपुरावर सुवर्णाक्षरांत आपले सारे सद्गुण जडवून घेतले.

अशी तीन वर्षे लोटली. शुभ्रतोयेच्या उत्तर तीरावर, काळ्या पर्वताच्या कुशीत करालघोण नावाचा दानव राहत असे. रानडुकराचे मुस्कट, ताडासारखे बाहू आणि मेघगर्जनेला लाजवणारा आवाज. देशोदेशीच्या स्त्रियांना पळवून नेऊन तो त्यांच्याकडून आपल्या तांब्याच्या खाणी खणवून घेई. एका सायंकाळी त्यांतल्या सतरा जणी पहारींनी साखळदंड तोडून, त्या पहारी घेऊनच नदीकाठी पोहोचल्या. पलीकडून त्यांच्या हाका ऐकून वेणुका नावाच्या नाविकिणीने आपली नाव पाण्यात लोटली. तीन खेपांत तिने त्या साऱ्याजणींना मणिकूटात आणले आणि घाटावरच्या धान्यकोठारात लपवले. राजाच्या कानी ही वार्ता घातली गेली. त्याने ती ऐकून मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सूर्य माथ्यावर आला असता करालघोण नदी ओलांडून महाद्वारापुढे येऊन उभा राहिला. हातातली लोहगदा त्याने भूमीवर आपटली, तशी गोपुरावरची सुवर्णाक्षरे खळखळून खाली पडली.

"राजा! माझ्या सतरा दासी तुझ्या नगरात आहेत काय?"

भद्रायुध सज्जात उभा होता. खोटे बोलणे त्याला शक्य नव्हते, हे खरे. परंतु गप्प राहण्यास कोणत्याही वराची आडकाठी नव्हती. 'आहेत, पण देणार नाही,' असे म्हणण्यासही नव्हती. त्यासाठी जे लागते ते मात्र त्याच्यापाशी वरापूर्वीही नव्हते आणि वरानंतरही नव्हते. त्याने एकवार त्या गदेकडे पाहिले आणि मधुर, धीरगंभीर स्वरात म्हणाला, "हे दानवेंद्रा, मी सत्यवचनी आहे. त्या घाटावरच्या धान्यकोठारात आहेत."

आणि स्वतःच्या सत्यनिष्ठेवर प्रसन्न होऊन त्याने मुकुट सावरला!

कोठाराच्या दारात वेणुका उभी होती. हातात वल्हे, पदर कमरेला खोचलेला, आणि पाठ दाराला घट्ट टेकलेली.

"बाजूला हो," दानव गुरकावला. "तुझ्या राजाने मला वाट दाखवली आहे."

"राजाने वाट दाखवली असेल," ती म्हणाली. "दार मी अडवले आहे."

दानवाने गदा फिरवली. वल्ह्याचे दोन तुकडे झाले, तिचा डावा हात कोपरापासून मोडला. पण दार काही तिने सोडले नाही. ते पाहून समोरच्या आळीतला एक कुंभार चाकावरून उठला आणि मातीच्या हातांनीच तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. मग एक तेली आला, मग दोन कोष्टी, आणि मग, राजाकडे पाठ फिरवून, महाद्वाराचे रक्षकसुद्धा. आतून सतरा जणींनी मोहरीची पोती फोडून दारातून पायऱ्यांवर ओतली. पुढच्या आघातासाठी झेपावलेल्या करालघोणाचे पाय त्या मोहरीवर निसटले, आणि वज्राने छेदलेले गिरिशिखर कोसळावे तसा तो दगडी पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला. खाणीत ज्या पहारी त्याने त्या स्त्रियांच्या हाती दिल्या होत्या, त्याच पहारींनी त्यांनी त्याचा अंत केला. शुभ्रतोया तीन दिवस तांबडी वाहिली.

सारे निवळल्यावर राजा खाली आला. वाद्ये वाजवीत आला. तोच गर्दी दुभंगली आणि कृशव्रत मुनी पुढे झाले. राजाकडे त्यांनी पाहिलेही नाही. वेणुकेचा मोडलेला हात झाडाच्या सालींत बांधता बांधता त्यांनी विचारले, "मुली, हे बळ तुला कोणी दिले?"

"कोणी नाही, मुनिवर," ती म्हणाली. "मी मूळची भित्री. नाव हाती घेतली त्या पहिल्याच वर्षी पूर आला असता पलीकडून एका म्हाताऱ्याने हाका मारल्या, आणि मी कानांवर हात ठेवून झोपडीत बसून राहिले. सकाळी तेथे त्याची काठी तेवढी होती. त्यानंतर कुणी हाक मारली की मी जाऊ लागले. आधी रडत जायचे. मग नुसतीच घाबरत. आता हाक आली की पाय आधी निघतात, भीती मागून येते. एवढेच."

मुनींनी तिला वाकून वंदन केले. तेव्हा भद्रायुधाला राहवेना.

"महर्षे, मी असत्य बोललो नाही! कुणावर हात उगारला नाही! मग माझ्या शीलात उणे काय?"

"पाषाणही असत्य बोलत नाही, राजा. प्रेतही कुणावर हात उगारत नाही. त्यांना शीलवान म्हणण्याइतका मूर्ख मला अजून भेटलेला नाही. तुला कुपथ्य करता येत नाही, म्हणून तू निरोगी ठरत नाहीस."

"मग मला मार्ग सांगा."

"महाराज, मी सांगते," वेणुका म्हणाली, आणि तिच्या स्वरात उपहास नव्हता. "माझा हात मोडला आहे. उद्या सकाळी घाटावर या आणि नाव चालवा. पलीकडून जो हाक मारील त्याला आणायचे. परवाही यायचे."

राजाने क्षणभर नदीकडे पाहिले. मग तिच्या चिखलाने माखलेल्या पायांकडे पाहिले, आणि त्याच्या ओठांना मुरड पडली. "किती दिवस?"

"ते मोजायचे नसते, महाराज."

"नाविकिणीच्या हाताखाली राजाने वल्हे मारायचे? त्यापेक्षा मी पुन्हा बारा वर्षे तप करीन आणि याहून मोठा वर मागून घेईन!"

कृशव्रतांनी कमंडलूतले पाणी ओंजळीत घेतले. क्रोध त्यांच्या मुद्रेवर नव्हता. क्रोधालाही समोर कुणी असावे लागते. "भद्रायुधा, तुला हवे तसे निष्कलंक शील मी देतो. या नदीच्या मध्यभागी शिळा होऊन उभा राहा. तेथे तुझ्याकडून कल्पान्तापर्यंत एकही पाप घडणार नाही."

पाणी भूमीवर पडले, आणि मणिकूटाचा राजा नदीच्या मध्यभागी शिळा होऊन उभा राहिला. नगरजनांनी त्याच संध्याकाळी वेणुकेला सिंहासन देऊ केले; तिने नवे वल्हे मागून घेतले.

ती शिळा अद्याप शुभ्रतोयेच्या प्रवाहात उभी आहे असे सांगतात. तिची कुणी पूजा करत नाही, तिच्यावर कुणी थुंकतही नाही; नाववाले तिला वळसा घालून पुढे जातात. आणि त्या तीरावर एखाद्याची अगदी तुच्छ लेखून संभावना करायची झाली, तर त्याला चोर म्हणत नाहीत की लबाड म्हणत नाहीत. 'त्याने जन्मात कुणाचे वाईट केले नाही,' एवढेच म्हणतात; आणि ऐकणारा काय ते समजतो.